अलॉटमेंटची वाट पाहण्याची शास्त्रशुद्ध रीत

अभियांत्रिकी प्रवेशाची प्रतीक्षा महाराष्ट्रात विद्यार्थी एमएचटी-सीईटीचा पेपर देऊन केंद्राबाहेर पडतो तेव्हा सुरू होते आणि कॉलेज सुरू होऊन चार तास बुडेपर्यंत चालते. परीक्षा एकट्या विद्यार्थ्याने द्यायची असते. प्रतीक्षा मात्र सहकुटुंब करायची असते. तीत आई, वडील, एक अभियंता मामा, सोसायटीतले दोन शेजारी आणि क्लासचे सर एवढ्यांचा सहभाग गृहीत धरलेला आहे. अभियंता मामा नसल्यास बँकेतून निवृत्त झालेले काका चालतात. त्यांना विषयाची माहिती कमी असते, पण वेळ भरपूर असतो, आणि या कामात वेळच लागतो.

प्रतीक्षा तीन प्रकारची: निकालाची, गुणवत्ता यादीची आणि अलॉटमेंटची. पहिलीत करण्यासारखे फारसे काही नाही. पीसीएम गटाची परीक्षा 150 प्रश्नांची व 200 गुणांची. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या प्रश्नांना एकेक. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून प्रश्न कोणी सोडत नाही. सोडवलेले किती आणि ठोकलेले किती, हे घरी सांगण्याची प्रथा नाही. या काळात ‘पेपर कसा गेला?’ या प्रश्नाला ‘आमची शिफ्ट अवघड होती’ हे उत्तर द्यावे. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते आणि सोप्या शिफ्टला बसलेला विद्यार्थी अद्याप कोणाच्या पाहण्यात आलेला नाही.

निकाल येतो तो गुणांचा नव्हे, पर्सेंटाइलचा. आपल्या सत्रात बसलेल्या दर शंभर विद्यार्थ्यांपैकी किती जण आपल्या बरोबरीचे किंवा आपल्या मागे आहेत, एवढेच हा आकडा सांगतो. आजी-आजोबांना हा फरक समजावण्याचा प्रयत्न एकदाच करून पाहावा. त्यांनी 96 पर्सेंटाइल म्हणजे 96 टक्के असे धरले, तर पेढे लवकर येतात. तीन लाख मुले परीक्षेला बसली असतील, तर 96 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे बारा हजार मुले उभी असतात. हा हिशेब पेढे वाटून झाल्यावर करावा.

पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात. नवख्या पालकांना ही अचूकता वाटते व ते फोनवर सातही अंक वाचून दाखवतात. एका सत्रात वीस हजार विद्यार्थी असले, तर एका विद्यार्थ्याच्या फरकाने पर्सेंटाइल 0.005 ने हलते. म्हणजे तिसऱ्या दशांशानंतर जे उरते ते हुशारीचे मोजमाप नसून भागाकाराचे शेपूट आहे. तरीही ते निरुपयोगी म्हणता येत नाही. निरनिराळ्या सत्रांतल्या मुलांना एका रांगेत उभे करताना हेच शेपूट उपयोगी पडते आणि शेजारच्या मुलाहून आपला मुलगा पाचव्या दशांश स्थळी पुढे आहे, हे समाधान कुटुंबाला दोन दिवस पुरते.

यानंतर कागदपत्रांची पडताळणी होते. अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, ज्याला जे लागू असेल ते अपलोड करावे लागते. स्कॅन अस्पष्ट असल्यास अर्ज परत येतो. घरात ज्याला ‘मोबाइलवरून होतं रे सगळं’ असे वाटते, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

पडताळणी झाल्यावर आधी तात्पुरती व मग अंतिम गुणवत्ता यादी लागते. आता पर्सेंटाइल विसरायचे आणि मेरिट नंबर पाठ करायचा. हा बदल कुटुंबास जड जातो. ‘सत्त्याण्णव’ या शब्दात जो थाट आहे, तो ‘नऊ हजार आठशे’मध्ये नाही. पण पुढची सर्व वाटणी याच आकड्यावर होते. ज्यांना हे उशिरा कळते ते गेल्या वर्षीच्या पर्सेंटाइलशी यंदाच्या पर्सेंटाइलची तुलना करत बसतात. मुले वाढली, जागा वाढल्या, नवीन कॉलेजे निघाली की तोच पर्सेंटाइल वेगळ्या दारापाशी नेऊन सोडतो.

गेल्या वर्षीच्या कटऑफ याद्या वाचणे ही स्वतंत्र विद्या आहे. यादी शेकडो पानांची असते आणि प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेखाली सांकेतिक नावांचे रकाने असतात. सुरुवातीला ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. मध्ये प्रवर्ग. शेवटी ‘एच’ असेल तर आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, ‘ओ’ असेल तर बाहेरच्यांसाठी, ‘एस’ असेल तर राज्यस्तरीय. ‘एलओपनएस’ हा रकाना पहिल्यांदा वाचणाऱ्यास गोव्याकडचे आडनाव वाटते. मुलाचे वडील हटकून या मुलींच्या रकान्यातला आकडा पाहून निश्चिंत होतात, आणि मुलीचे वडील ‘जी’चा रकाना पाहून रात्रभर जागतात. दोघांनी याद्या मुलांच्या हाती द्याव्यात. त्यांना रकाने आधीच पाठ असतात. विचारले नाही म्हणून त्यांनी सांगितलेले नसते.

टीएफडब्ल्यूएस नावाचा रकाना या यादीतील खरी गंमत आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना येथे शिकवणी शुल्क माफ असते. जागा थोड्या, म्हणून चढाओढ मोठी, म्हणून इथला कटऑफ बहुधा खुल्या जागेपेक्षाही वर जातो. ‘फी माफ आहे तर सहज मिळेल’ असे म्हणणाऱ्या काकांना हा रकाना दाखवावा आणि चहा आणायला उठावे.

यानंतरची पायरी ऑप्शन फॉर्मची. संपूर्ण प्रक्रियेत कुटुंबाच्या हातात असलेली एकमेव गोष्ट हीच, म्हणून तिला सर्वांत कमी वेळ दिला जातो. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या रात्री घरात कॉलेज की ब्रँच, हा वाद पेटवावा. मामा सीओईपीच्या बाजूने बोलतील: कॉलेज 1854 चे, विश्वेश्वरय्या तिथलेच, तिथे सिव्हिल मिळाली तरी घ्यावी. विश्वेश्वरय्या सिव्हिलचेच होते, हा मुद्दा मामांच्या पथ्यावर पडतो. मुलगी म्हणेल की कुठल्याही बऱ्या कॉलेजात कॉम्प हवे. मुंबईकडची मंडळी 1887 च्या व्हीजेटीआयचे नाव काढतील, सांगलीकर 1947 च्या वालचंदचे. वाद स्थापनेच्या सनावर गेला की तो रात्री बारापर्यंत टिकतो. मुलीला जिथे चार वर्षे काढायची आहेत तिथे हॉस्टेल मिळते का, हा प्रश्न शक्यतो कोणी काढू नये. त्याने वाद फार लवकर संपतो.

ऑप्शनच्या क्रमाविषयी लोकांत ज्या समजुती आहेत त्यांची नोंद करणे भाग आहे. एखादे कॉलेज पाचव्या क्रमांकावर टाकले तर त्याला राग येतो, ही त्यांतली प्रमुख. कॉलेजला कोणी कितव्या क्रमांकावर टाकले हे वाटपात विचारलेच जात नाही. ढोबळमानाने संगणक मेरिट नंबराच्या क्रमाने एकेक विद्यार्थी घेतो, त्याची यादी वरून वाचतो आणि पहिली मोकळी जागा त्याला देतो. त्यामुळे खाली कितीही ऑप्शन लिहिले, तरी वरच्याची संधी घटत नाही. जे हवे ते वर लिहावे, कमी हवे ते खाली आणि नकोच ते लिहू नये. शेजारच्या जोशांनी काय लिहिले, याचा या यादीशी संबंध नाही. एवढी साधी रीत आहे. पण ती पाळली तर रात्र कशी घालवायची, हा प्रश्न उरतो, म्हणून बहुतेक घरांत ‘डावपेच’ लढवले जातात.

एक ठिकाण मात्र खरोखर जपण्यासारखे आहे. 2025 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिलाच ऑप्शन मिळाला, तर जागा आपोआप फ्रीज होते, म्हणजे पक्की ठरते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळाले तरी तेच. अशी जागा नाकारली तर कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पुढच्या फेऱ्यांचे दार बंद. म्हणून काकांच्या आग्रहाखातर, ‘मिळणार थोडंच आहे’ म्हणून, नको असलेले कॉलेज वर लिहू नये. मिळते. काका मग लग्नाला परगावी गेलेले असतात.

अलॉटमेंटचा दिवस. यादी संध्याकाळी लागणार असे जाहीर झाले असेल, तर सकाळी सातपासून पेज रिफ्रेश करावे. त्याने यादी लवकर लागत नाही, पण हाताला चाळा राहतो. घरातल्या ठरलेल्या भूमिका अशा: विद्यार्थी लॅपटॉपपुढे, आई गॅसपाशी, दुधावर लक्ष आहे असे दाखवत, धाकटा भाऊ दारात, बातमी शेजारी पोचवण्याच्या तयारीत. वडील कामावरून परतताना कर्जत लोकलच्या दाराशी उभे आहेत, आणि लॉगिनचा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो. पहिला ओटीपी येईपर्यंत डोंबिवली येते. वडील तो आकडा ओरडून सांगतात, डब्यातली चार माणसे तो ऐकतात, घरी ‘नऊ’चा ‘दोन’ ऐकू येतो. दुसरा ओटीपी कल्याणला. तोवर पेज बंद पडलेले असते, दूध उतू गेलेले असते आणि क्लासच्या सरांचा मेसेज आलेला असतो की यादी लागली, मुलीला पीआयसीटीला ईएनटीसी मिळाली. सरांना ओटीपी लागत नाही. ते कसे, याची चौकशी आजवर झालेली नाही.

यानंतर तुलना, म्हणजे या शास्त्राचे उत्तरांग. तुलना फोनवर करावी. समोरासमोर केल्यास चेहरा सांभाळावा लागतो. विचारण्याची शिष्टसंमत पद्धत अशी की आधी प्रकृतीची चौकशी, मग पावसाची, मग ‘अरे हो, यादी लागली का तुमच्याकडे?’ यादी लागल्याचे दोघांनाही ठाऊक असते. उत्तरे ठरलेली असून त्यांचा अर्थ लावण्यास थोडा सराव लागतो. ‘अजून राउंड आहेत’ म्हणजे मिळालेले आवडलेले नाही. ‘बेटरमेंट घेतलंय’ (जागा हाती धरून वरचीची वाट पाहतोय) म्हणजे मिळालेले सांगण्याजोगे आहे, पण अजून वरचे सांगायचे आहे. ‘आमचं जेईईचं चाललंय’ म्हणजे सीईटीचा विषय बदलावा. ‘तिला घराजवळच हवं होतं’ म्हणजे सीओईपी हुकले. ‘आम्ही काही लक्षच घातलं नाही, त्याचं त्याने केलं’ असे कोणी म्हणाले, तर त्यांच्याकडे तीन वर्षांच्या कटऑफची रंगवलेली एक्सेल शीट आहे असे खुशाल समजावे.

तुलनेत एक ढोबळ चूक वारंवार होते: एका रकान्यातला मुलगा दुसऱ्या रकान्यातल्या मुलीशी ताडून पाहणे. ‘तिला कमी असून तेच कॉलेज कसं मिळालं?’ या प्रश्नाचे उत्तर कटऑफच्या यादीत पहिल्याच पानावर छापलेले असते. प्रत्येक रकान्याच्या जागा वेगळ्या, रांग वेगळी. दुसऱ्याच्या रांगेतल्या कोणी आपली जागा घेतली असे म्हणणे हा आकडेमोडीचा दोष आहे. आणि ते बोलणारे घर बहुधा स्वतः एखाद्या ‘ईडब्ल्यूएस’ किंवा ‘टीएफडब्ल्यूएस’च्या रकान्यात उभे असते. येथे विनोदाला जागा नाही.

क्लासचे फ्लेक्स तुलनेच्या पुराव्यात धरू नयेत. एकाच मुलाचा एकच फोटो चौकाच्या दोन टोकांना दोन क्लासांच्या फ्लेक्सवर हसताना दिसतो. तो एका ठिकाणी शिकला आणि दुसऱ्या ठिकाणी टेस्ट सिरीज दिली, असा त्याचा खुलासा असतो.

जोसाची समांतर फेरी ज्या घरात चालू आहे तिथे प्रतीक्षा दुप्पट असते. 2015 पासून आयआयटी, एनआयटी आदींचे प्रवेश या एकाच व्यवस्थेतून होतात. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्यांसाठी, म्हणून मराठी घरांचा डोळा नागपूरच्या व्हीएनआयटीवर असतो. जोसात फ्रीज, फ्लोट आणि स्लाइड असे तीन पर्याय आहेत. स्लाइड म्हणजे कॉलेज तेच, शाखा वरची मिळाली तर हवी. फ्लोट म्हणजे वरचे काहीही चालेल. हे पर्याय विद्यार्थ्याला दोन मिनिटांत समजतात, वडिलांना आठवडाभराने, आणि मामा त्यांवर लगेच मत देतात. आयआयटीला गेलेली मुले राज्यातली जागा सोडतात आणि पुढच्या फेऱ्यांत कटऑफ थोडा खाली सरकतो. एवढ्या थोड्यासाठी कित्येक घरे महिनाभर श्वास रोखून बसतात, आणि कधीकधी त्यांचे काम होतेही.

बेटरमेंट घेताना एक नियम मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर चिकटवावा (घरातल्या, प्रवेशाच्या नव्हे): वरची जागा मिळाली की जुनी आपोआप गेली. ‘ती होती तीच बरी होती’ हे वाक्य पोर्टल ऐकून घेत नाही. आहे त्यात मन रमत असेल, तर फ्रीज करून मोकळे व्हावे. शाखा नको असेल तर थांबावे. ‘सगळे घेतायत म्हणून’ बेटरमेंट घेणाऱ्यांविषयी या मार्गदर्शिकेला सहानुभूती नाही.

2025 साली कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. त्यानंतर उरलेल्या जागा कॉलेजे संस्थास्तरावर भरतात; तिथे पुन्हा अर्ज, पुन्हा यादी. या टप्प्याला तुलना आपोआप थंडावते, कारण विचारणारे दमलेले असतात आणि कॉलेज सुरू होऊन पहिली असाइनमेंट आलेली असते.

ज्यांचे मूल यंदा अकरावीत आहे आणि ज्यांना जात वैधता प्रमाणपत्र लागणार आहे, त्यांनी त्याचा अर्ज याच आठवड्यात करावा. कटऑफच्या याद्या पुढच्या वर्षीही मिळतील. वैधता वेळेत हातात नसली, तर राखीव जागा हातची जाते.