शंभराचे साडेबारा

शंभराला आठाने भागलं की साडेबारा येतात, हे चौथीतलं पोरही सांगेल. इंटरनेटचं कनेक्शन घेताना मात्र हा भागाकार भल्याभल्यांना सुचत नाही, कारण तो करायचा असतो हेच कुणी सांगत नाही. जाहिरातीत '१०० एमबीपीएस' लिहिलेलं असतं, त्यातला बी बिटचा. फाइल उतरवताना लॅपटॉपच्या कोपऱ्यात जो आकडा थरथरत असतो, त्यातला बी बाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजीत निदान बिटला लहान बी आणि बाइटला मोठा बी काढायची रीत आहे. आपल्या देवनागरीत अक्षरांना लहान-मोठं ठाऊकच नाही, त्यामुळे दोन्ही बी एकाच पंगतीला.

पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे चटकन कळतं. बिट म्हणजे सुपर बिल्ट-अप, बाइट म्हणजे कार्पेट. त्या साडेबारांतूनही जिन्याचं आणि लिफ्टचं वजा होतंच: डेटा पाकिटापाकिटांतून येतो, दीड हजार बाइटच्या पाकिटात पत्ते आणि क्रमांक चाळीस बाइट खातात, शिवाय पाकिटाबाहेरचं वेष्टण वेगळं. राहायला मिळतात बाराच्या आतबाहेर.

बिटांत मोजणं ही मुळात लबाडी नव्हे. तारेवरून बिट एकामागून एकच जातात, म्हणून तारवाले ते सुटे मोजतात. साठवणारे आठाआठाचे गठ्ठे मोजतात. जाहिरातवाल्यांनी या दोन चांगल्या सवयींतून मोठा आकडा तेवढा उचलला. 'बाइट' हा शब्द १९५६ साली आयबीएममधल्या वर्नर बुखहोल्झ यांनी काढला आणि बिटशी घोटाळा होऊ नये म्हणून स्पेलिंगमध्ये मुद्दाम 'वाय' घातला. इतका बंदोबस्त करून इतका घोटाळा क्वचितच झाला असेल.

आमच्या घरी तिसरंच माप चालतं. माझे सासरे, अप्पा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. त्यांचं माप एकच: चौसष्ट केबीपीएस, म्हणजे एका माणसाचं बोलणं. आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने, प्रत्येक नमुना आठ बिटांचा, झाले चौसष्ट हजार. असे बत्तीस खाने जोडले की २.०४८ एमबीपीएसची ई-वन लाइन होते. तीस खाने बोलणाऱ्यांचे, दोन व्यवस्थेचे. अमेरिकेत चोवीसच खान्यांची टी-वन, १.५४४ची. तिचा विषय निघाला की अप्पा व्याह्यांच्या मानपानाबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणतात.

आमचं डाउनलोड रखडतंय म्हणून मी तक्रार केली तेव्हा केबलवाल्याचा मुलगा आला. त्याने मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली. काटा लटपटत वर गेला आणि चौऱ्याण्णववर टेकला.

"बघा काका, लाइन ओके आहे."

मी लॅपटॉप पुढे केला. तिथे अकरा पूर्णांक काहीतरी.

"चौऱ्याण्णव भागिले आठ, पावणेबारा," अप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "तो खरं बोलतोय." मुलगा खूश झाला. मग अप्पांनी पेपर खाली ठेवला. "पण जावईबापू, शंभराला चौसष्टाने भागलंत का? एका वेळी दीड हजारावर बासष्ट फोन! तुम्हाला एवढं बोलायचंय कुणाशी?"

मुलगा हळूच चपला शोधायला लागला. पण अप्पांना नवा श्रोता सापडला होता. त्यांनी त्याला १५ ऑगस्ट १९९५ला नेलं, विदेश संचार निगमने देशात सगळ्यांसाठी इंटरनेट खुलं केलं त्या दिवशी. तेव्हाचा मोडेम ९.६ केबीपीएसचा, अर्ध्या फोनचासुद्धा नव्हे. शिवाय जुन्या मोडेमला आठाने नाही, दहाने भागायचं, कारण प्रत्येक अक्षराच्या पुढे-मागे एकेक बिट चोपदारासारखा चालायचा. २००४च्या धोरणात सरकारने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. "म्हणजे चार फोन!" अप्पांनी चार बोटं दाखवली. २०२३मध्ये ही मर्यादा २ एमबीपीएसवर गेली, ती ई-वनच्या जवळपास आली म्हणून अप्पांना मान्य आहे.

एक हजार की एक हजार चोवीस, हा वाद मी घरात काढत नाही. नेटवर्कचा किलो चोख हजाराचा. संगणकवाल्यांचा बरेचदा १०२४चा. ही भानगड मिटवायला १९९८मध्ये किबी, मेबी अशी नावंही ठरली, पण 'शंभर मेबी द्या' असं दुकानात म्हणायची हिंमत कुणाची आहे? गिगापर्यंत पोचेस्तोवर हा फरक शेकडा सातच्या वर जातो, आणि तेवढ्यावर अप्पा सहज एक दुपार काढतील.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा सेल्समन दारात उभा होता. तीनशे एमबीपीएस, राउटर फुकट, ओटीटी फुकट. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जुने टेलिफोनवाले आठ बिटांना ऑक्टेट म्हणतात, कारण एकेकाळी बाइट सहा बिटांचेही असत आणि त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता.

"ऑक्टेटमध्ये किती पडतील?" अप्पांनी विचारलं.

सेल्समनने टॅबवर दोनदा बोट फिरवलं. "आजोबा, तो प्लॅन आता बंद झाला."