हुरड्याचा भाव सांगा, मामा

पौषातली सकाळ. आष्टीच्या शिवारात तीन गाड्या येऊन थांबल्या. चौदा माणसं उतरली, मामांच्या ज्वारीत शिरली, कणसं मोडली आणि आगटीभोवती बसली. दुपारी दोनपर्यंत हुरडा चालला. निघताना डिकीत हरभऱ्याचे डहाळे गेले, उसाची मोळी गेली, दोन पिशव्या कणसं गेली. त्यातल्या एकानं खिशाकडे हात नेत विचारलं, "काय द्यायचं मामा?"

मामा म्हणाले, "घरचंच तं हे सगळं. काय घ्यावं तुमच्याकून?"

हात खिशातून रिकामाच बाहेर आला. गाड्या गेल्या. खाली बसलेल्या धुराळ्यासारखे मामा आणि मी बांधावर उरलो.

हाच गृहस्थ हुरडा खाताखाता सांगत होता की, मागच्या रविवारी तो सहकुटुंब हमरस्त्यावरच्या एका ठिकाणी हुरडा पार्टीला गेला होता. माणशी पाचशे रुपये. पोरांचे वेगळे. पैसे भरून पावती घेतल्याशिवाय आत सोडत नव्हते. तिथं त्यानं मुकाट्यानं भरले. इथं उभ्या पिकात शिरून, हातानं मोडून, पोटभर खाऊन एक रुपया दिला नाही. दोन्हीकडचा हुरडा ज्वारीचाच होता. फरक एवढाच की तिथं दारावर भाव लिहिला होता आणि इथं माणूस उभा होता.

आष्टी म्हटलं की बाहेरचा विचारतो, बीडची की वर्ध्याची? ही जालन्याची आष्टी, परतूर तालुक्यातली. वर दुधना, खाली गोदावरी आणि मधे काळी जमीन. कापूस आणि सोयाबीन आता इथली मुख्य पिकं. रब्बीची ज्वारी अजून आहे, पण जेवढी घराला लागते आणि जनावरांच्या कडब्याला लागते तेवढीच. म्हणून तर ती मोडून खायला येणाऱ्यानं दोनदा विचार करावा. तुम्ही ज्या ओळीत शिरता ती त्या घराची वर्षाची भाकरी असते.

आता हुरडा म्हणजे काय, ते ज्यांनी फक्त ताटात पाहिला त्यांच्यासाठी. भाद्रपद-आश्विनात, पावसानं जमिनीत ठेवलेल्या ओलीवर ज्वारी पेरतात. साधारण तीन महिन्यांनी कणसात चीक भरतो, चीक घट्ट होतो आणि दाणा हिरवा, मऊ, गोड होतो. ही अवस्था मोजून काही दिवस टिकते. दोन दिवस आधी गेलात तर नुसता चीक, आठ दिवस उशिरा गेलात तर दाताखाली दाणा. कणीस मोडलं की गोडी उतरायला लागते, म्हणून हुरडा बाजारात जाऊन चांगला होत नाही. माणसानंच शेतात जावं लागतं. स्वतःच्या हातानं तोडून जागेवर खायची ही रीत आपल्याकडे कुणी परदेशातून आणलेली नाही, त्या दाण्यानंच ती लावून दिली आहे. बाजरीचं निंबूर, हरभऱ्याचा हुळा, गव्हाच्या ओंब्या, सगळ्यांची गोष्ट तीच.

आणि आगटी. हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या, वर धग धरलेली राख. त्यात कणसं खुपसायची, दांडा बाहेर ठेवायचा, फिरवत राहायचं. करपलं तर कडू, कच्चं राहिलं तर दाणा सुटत नाही. काढलं की लगेच चोळायचं, कारण गार झालं की भोंड दाण्याला धरून बसतं. चोळायचं म्हणजे विस्तवातून काढलेलं कणीस तळहातांच्या मधे धरून रगडायचं, मग सुपात घोळून फुंकायचं. त्या दिवशी मामी आगटीच्या धुरात चार तास बसून होत्या. चौदा माणसांचा हुरडा त्यांच्या हातांनी चोळला. संध्याकाळी त्यांनी हात पुढे केले तेव्हा तळवे लालबुंद होते आणि अंगठ्याखाली फोड आला होता. त्यांनी त्यावर खोबरेल लावलं आणि धारा काढायला गेल्या. हुरड्याची तारीफ करणाऱ्या चौदा जणांपैकी एकानंही तो हात पाहिला नाही.

मला सगळे सांगतात, अहो हुरडा कधी विकतात का? ती आपली संस्कृती. पाहुणचार आहे.

आहे ना. पण तो पाहुणचार कसा चालायचा ते नीट आठवा. गावात प्रत्येकाच्या रानात ज्वारी असायची. आज तू माझ्याकडे हुरडा खाल्लास, परवा मी तुझ्याकडे. ज्याला रान नव्हतं तो राखणीला यायचा, गोफण फिरवायचा, काढणीला हात लावायचा. हुरडा फुकट नव्हता, तो उसना होता, आणि त्याची फेड व्हायची. मग पोटासाठी पुण्या-संभाजीनगरला गेलेला माणूस आला, त्याचा पाहुणा आला, पाहुण्याचा साहेब आला. यांच्याकडे परत बोलवायला रान नाही. मामा यांच्या फ्लॅटवर कधी जेवायला जाणार नाहीत. फेडीचा एकच मार्ग उरला आहे, तो खिशात आहे. तो वापरल्यानं संस्कृती बाटत नाही, उलट तिचा अर्धा तुटलेला भाग जोडला जातो.

हिशेबही ऐका. 2025-26 साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये आहे. म्हणजे किलोला साडेसदतीस. बाजारात तोही मिळतोच असं नाही. पेरणी, खुरपणी, पाखरांची राखण, काढणी, मोडणी, मळणी, एवढं सगळं करून किलोमागे साडेसदतीस. आणि तुम्ही हमरस्त्यावर एका वेळच्या हुरड्याला पाचशे देता. म्हणजे तेरा किलो ज्वारीचे पैसे एका ताटाला. हे पैसे अस्तित्वात आहेत, तुम्ही ते देताही. फक्त ते पेरणाऱ्याच्या बांधापर्यंत पोचत नाहीत.

बाहेर काय करतात? न्यू जर्सीत राहणारी आपली मराठी मंडळी सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदं तोडायला बागेत जातात, फोटो आपल्याला पाठवतात. तिथं आधी पिशवी विकत घ्यायची, मग आत जायचं. कुणाला अपमान वाटत नाही. जपानात स्ट्रॉबेरीच्या शेतात ठरावीक मिनिटांचे पैसे घेतात, तेवढ्या वेळात हवी तेवढी खा. एवढं लांब कशाला, महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या शेतात शिरा, तोडा, वजन करा, पैसे द्या. त्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये मिळालं, जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 मध्ये. मानाचा शिक्का आपल्याकडेही आहे. बांधावरची पाटी मात्र नाही.

ज्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको उभी केली आणि संकरित बियाणं देशभर पोचवलं, ज्यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्या जालन्यात बियाण्याच्या प्रत्येक पाकिटावर किंमत छापलेली असते. पेरणारा ती बिनतक्रार मोजतो. त्याच बियाण्यातून उगवलेल्या कणसाची किंमत सांगताना मात्र त्याची मान खाली जाते. हे मला बघवत नाही.

आता जे येणार आहेत त्यांना चार गोष्टी.

पहिली, मका. आष्टीकडे स्वीट कॉर्न लावणारे आहेत, आणि शहरी माणसाला तो हुरड्याहून ओळखीचा. पण कणीस भरलंय का बघायला तुम्ही साल सोलता, दाण्यात नख घालता, पसंत पडलं नाही की तसंच झाडावर सोडता. ते कणीस मेलं. उघडा दाणा सुकतो, पाखरं येतात, किडे शिरतात. एक कणीस निवडायला चार नासवता. कणसाचे केस तपकिरी होऊन वाळलेत का ते बघा, शेंड्याकडून सालीवरूनच दाबा, टोकापर्यंत भरल्याचं हाताला कळतं. नाही कळलं तर शेतकऱ्याला विचारा. आणि तोडलेला मका त्याच दिवशी खा. उष्णतेत त्यातली साखर झपाट्यानं पिष्ट होत जाते. डिकीत दोन दिवस हिंडवून मग गोड नाही म्हणून तक्रार करू नका.

दुसरी, मोसंबी. ओढून तोडू नका. देठाजवळची साल सोलून निघते आणि फळ तिथून सडतं. कात्री मागा, देठ ठेवून कापा.

तिसरी, फवारणी. 2018 पासून मक्यावर लष्करी अळी आली आहे आणि फवाऱ्याशिवाय पीक हाती लागणं अवघड झालं आहे. प्रत्येक औषधावर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं. शेतात शिरण्याआधी शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. पोराच्या हातात कच्चं कणीस देण्याआधी तर नक्कीच.

चौथी, भाव. बसण्याआधी विचारा. खाऊन झाल्यावर विचारलं तर तो भिडेनं नाहीच म्हणणार, हे तुम्हालाही ठाऊक असतं. म्हणूनच तुम्ही शेवटी विचारता. ती सवय सोडा. भाव सांगितला की घासाघीस करू नका. मॉलमधल्या उकडलेल्या मक्याच्या कपाला तुम्ही कधी घासाघीस केली नाही.

आणि आता मामा, तुम्हाला.

कृषी पर्यटन म्हणजे पोहण्याचा तलाव, सिमेंटचा बैल आणि लाउडस्पीकर, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. पांडुरंग तावरे यांनी बारामतीकडे 2005 मध्ये या कामाला आकार दिला तो शेत, घर आणि जेवण यांच्याच जोरावर. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. एक एकर रान असलेला शेतकरीही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी मागू शकतो. ते जमेल तेव्हा करा. त्याआधी करायच्या गोष्टींना कुणाची परवानगी लागत नाही.

घरची ज्वारी वेगळी ठेवा आणि हुरड्याचं रान वेगळं करा. हुरड्याच्या गूळभेंडी ज्वारीचं बी कुणाकडे असेल तर जपून घ्या. राहुरी विद्यापीठाची फुले मधुर आहे, परभणीच्या वसंतराव नाईक विद्यापीठाची परभणी वसंत आहे, खास हुरड्यासाठीच काढलेली वाणं. सगळं एकदम पेरू नका. आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पाच-पाच तासं (ओळी) पेरा, म्हणजे हुरडा आठवडाभरात संपणार नाही, महिना दीड महिना चालेल. पाहुण्याला त्याच तासांत शिरू द्या, बाकी रानाला हात लावू देऊ नका. कणीस मोडलेला हिरवा कडबा गोठ्याच्या कामाला येतोच, तेवढीही नासाडी नाही. आणि बांधावर एक पत्रा ठोका, त्यावर खडूनं नव्हे, रंगानं भाव लिहा. तोंडानं सांगायला लाज वाटते ना? मग पत्र्याला सांगू द्या.

परवा आष्टीला गेलो. यंदाची ज्वारी पोटऱ्यातून बाहेर आली आहे, अजून चीक भरायचा आहे. पौषात माझे संभाजीनगरचे आठ मित्र यायचे आहेत. मी मामांना आधीच विचारलं, "माणशी किती घेणार?"

"आता तुम्ही असं करता का? तुम्ही तं घरचे..."

"मी घरचा. ते आठ जण नाहीत. त्यांचा आकडा सांगा."

मामा बराच वेळ ज्वारीकडे बघत राहिले. एक ताट उगाच सरळ केलं. मग दुसरीकडे बघतच म्हणाले, "दोनशे."

दोनशे कमी आहेत. मी तीनशे म्हणालो, ते अडीचशेवर थांबले. खरेदी करणारा भाव वाढवतोय आणि विकणारा कमी करतोय, अशी घासाघीस मी आयुष्यात पहिल्यांदा केली. तरी आकडा त्यांच्या तोंडून निघाला, एवढंच मला हवं होतं.

मी उठलो तेवढ्यात गोठ्याच्या दारातून मामींचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या.

"अन् चोळणारीचे येगळे लावा म्हणावं."