रिकाम्या खुर्चीचा अभ्यास

नाशिककराला विमानाचं कौतुक नाही. शहराजवळच्या ओझरला १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना आहे. तिथे आधी मिग झाली, मग सुखोई, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तिथलंच तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. डोक्यावरून सुखोई कडाडत गेलं तरी द्राक्षबागेत थिनिंग करणारी बाई मान वर करत नाही. विमान आम्हाला दिसतं, ऐकू येतं, आमच्या दारात तयारही होतं. त्यात बसायचं म्हटलं, की मात्र बहुतेक वेळा मुंबईची टॅक्सी बघावी लागते.

अशा गावातल्या माझ्या भाचीने बी.कॉम. झाल्यावर जाहीर केलं, की ती देहरादूनला जाऊन एव्हिएशन मॅनेजमेंटमध्ये एमबीए करणार. घरात ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. आईला वाटलं नात पायलट होणार. तिने तातडीने दृष्ट काढली. शेजारच्या काकूंना वाटलं एअर होस्टेस. त्यांनी उंची विचारली. ताईला फक्त देहरादूनची थंडी दिसली. दाजी गप्प होते. उभी नोकरी त्यांनी मिगच्या पोटात रिव्हेट ठोकण्यात घालवली. त्यांच्या लेखी विमानाला दोनच माणसं लागतात, एक बनवणारा आणि एक उडवणारा. ‘मधे मॅनेजर कशाला?’ ते शेवटी म्हणाले. ‘आमच्या मिगमध्ये एकच सीट. ती कधी रिकामी गेली नाही.’

दाजींना कल्पना नव्हती, पण या अख्ख्या विद्याशाखेचं मर्म त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

पहिल्या सुट्टीत भाची आली ती नवी भाषा घेऊन. स्वस्तातल्या कंपनीचं विमान जमिनीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त रेंगाळलं, की मालकाच्या पोटात गोळा येतो. कारण उडतं विमान भाडं कमावतं आणि उभं विमान भाडं भरतं. या थांबण्याला ‘टर्नअराउंड’ म्हणतात. ताईची दुसरी पोळी उशिरा आली, तेव्हा ‘ऑन-टाइम परफॉर्मन्स’ म्हणजे काय तेही कळलं. ताईने पोळपाट-लाटणं तिच्यापुढे सरकवल्यावर तो विषय संपला.

तिचं केस स्टडीचं पुस्तक मी चाळलं. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, किंगफिशर, जेट, गो फर्स्ट. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कंपनी वारते. ‘यात जिवंत कोणीच नाही का गं?’ मी विचारलं.

‘जिवंत कंपन्या पुढच्या सेमिस्टरला, मामा.’

मग तिने मूळ दुखणं समजावलं. विमानाचं दार लागलं, की रिकामी खुर्ची कायमची गेली. ती गोदामात ठेवता येत नाही, उद्या विकता येत नाही. इंधन, वैमानिक, विमानतळाचं शुल्क, सगळा खर्च मात्र ती भरली असती तरी जवळपास तेवढाच.

‘अगं, म्हणजे हे पिंपळगावच्या बाजारातले टोमॅटोच की,’ मी म्हणालो. ‘कांदा चाळीत टाकता येतो, टोमॅटोला आजच भाव मिळाला पाहिजे.’

‘टोमॅटो बरे, मामा. भाव पडला तर शेतकरी ते रस्त्यावर ओततो, निदान पेपरात फोटो तरी येतो. रिकाम्या खुर्चीचा फोटो कोण छापतं?’

म्हणून तर एका रांगेतल्या दोघांच्या तिकिटाची किंमत सारखी नसते. महिनाभर आधी ठरवणारा पर्यटक स्वस्तात जातो, आदल्या रात्री बैठक ठरलेला साहेब महागात. अमेरिकेत १९७८ साली भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि तिथल्या अमेरिकन एअरलाइन्सने ही विद्या संगणकावर पक्की केली. तिचं नाव यील्ड मॅनेजमेंट. शिवाय काही प्रवासी ऐनवेळी येतच नाहीत, म्हणून खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकून ठेवायची.

इथे दाजी उसळले. ‘हे शिकायला फी भरली मी?’

भाचीने नियम सांगितला. पक्कं तिकीट असूनही जागा उरली नाही म्हणून चढू दिलं नाही आणि तासाभरात दुसरं विमानही दिलं नाही, तर भाड्याच्या दुप्पट, १० हजार रुपयांपर्यंत भरपाई. चोवीस तासांपलीकडे गेलं तर २० हजारांपर्यंत. दाजी विचारात पडले. जेवण झाल्यावर ते तिला हळूच विचारत होते, की अशी जास्त तिकिटं विकलेली विमानं साधारण कुठून सुटतात.

प्रोजेक्टसाठी तिने विषय घेतला नाशिक-मुंबई विमानसेवेचा. ओझरला प्रवासी टर्मिनल २०१४ साली झालं. ‘उडान’ योजनेतून एअर डेक्कनचं १९ आसनी विमान डिसेंबर २०१७ मध्ये आलं. तासाभराच्या उड्डाणाला काही खुर्च्यांवर २५०० रुपयांची मर्यादा, तोटा भरून काढायला तीन वर्षं सरकारी मदत. सगळं होतं, फक्त भूगोल आडवा आला. मुंबई नाशिकच्या नैर्ऋत्येला आणि ओझर ईशान्येला. म्हणजे मुंबईला जाण्यासाठी आधी वीसेक किलोमीटर मुंबईपासून लांब जायचं. तिथे तासभर आधी पोचायचं, झडती द्यायची, चाळीस मिनिटं उडायचं आणि उतरल्यावर अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये उरलेली सकाळ काढायची. तोवर पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक दादरला उतरून ऑफिसात सही करून मोकळा. ती सेवा अडखळत बंद पडली. जेटने २०१८ मध्ये दिल्लीचं विमान सुरू केलं. त्यात प्रवासी बसू लागले, तर २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीच बसली.

भाचीने आमच्या सोसायटीत पाहणीही केली. मुंबईला विमानाने जाल का? सगळे ‘हो’ म्हणाले. किती रुपयांपर्यंत तिकीट काढाल? सगळ्यांनी एसटीचं भाडं सांगितलं. विमानसेवा सुरू व्हावी म्हणून निवेदनावर नाशिककर ठसठशीत सही करतो, आणि जायची वेळ आली की मेहुण्याच्या गाडीत एक जागा आहे का ते विचारतो. सोसायटीतला तो मेहुणा बहुतेकदा मीच असतो.

तिचा निष्कर्ष सरळ होता: जवळच्या गावाला रस्ता जिंकतो, लांबच्या गावाला आकाश. मार्च २०२३ मध्ये इंडिगो ओझरला आली ती गोवा, अहमदाबाद आणि नागपूर घेऊन, मुंबई सोडून. दाजींनी तो अहवाल चष्मा लावून वाचला. ‘बनवणं सोपं होतं म्हणायचं,’ एवढंच बोलले. एचएएलच्या माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

आता २०२७ चा सिंहस्थ येतोय. तेव्हा विमानं भरतीलच, त्यात मॅनेजरची परीक्षा नाही. परीक्षा आहे ती साधू आणि भाविक परत गेल्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारच्या दुपारच्या फेरीची. तेव्हा विमानसेवेच्या निवेदनावर सही करणाऱ्या समस्त नाशिककरांना एकच विनंती: सहीसोबत वर्षातून एखादं तिकीटही काढा.