पावसाळी सामान आणि दोन हात

मृग लागायला आठवडा उरला की दुकानांच्या दारात रेनकोट टांगले जातात आणि माणसं ते रंगावरून निवडायला लागतात. ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं आणि ‘शंभर टक्के’ असं प्रत्येक दुकानदार सांगतो. या संभाषणाचा निकाल आषाढात लागतो. तोवर पावती हरवलेली असते.

माझं मत असं की हे सामान घेताना आपण पावसाचा फार विचार करतो आणि हातांचा अजिबात करत नाही. छत्री ही मुळात रिकाम्या हाताची वस्तू. एक हात तिला कायमचा देऊन टाकायचा, मग उरलेल्या हातात पिशवी, मोबाइल आणि पोराचं बोट. कोकणात भाताची लावणी करणाऱ्या बाईला ही चैन परवडत नाही. तिचे दोन्ही हात चिखलात, कंबर वाकलेली, पाठ आभाळाकडे. तिच्यासाठी इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली पानं. डोक्यावर अडकवलं की पाठीवरून खाली उतरतं. ते घालून नुसते उभे राहिलात तर पुढून भिजाल, वाकून कामाला लागलात तर कोरडे. काम करणाऱ्याचीच बाजू घेणारं दुसरं सामान निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. आता पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आलाय, बेत मात्र तोच आहे. लेप्टो या तापाच्या भीतीने डॉक्टर याच बाईला गमबूट घालायला सांगतात. सल्ला योग्यच आहे; पण चिखलणी केलेल्या खाचरात पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो, त्याचं काय?

धनगराची घोंगडी आणखी प्रामाणिक. आपण भिजत नाही असा तिचा दावाच नाही. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली असली तरी मोठ्या पावसात ती भिजते, जड होते आणि शेजारच्याला सरकून बसायला लावणारा वास सोडते. पण लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, आणि माळावरच्या वाऱ्यात कोरडं राहण्यापेक्षा न कुडकुडणं महत्त्वाचं.

याउलट चार्ल्स मॅकिंटॉश. या स्कॉटिश गृहस्थांनी १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर देण्याचं पेटंट घेतलं. पाणी बाहेर राहिलं, घाम आत. पुढे घामाची वाफ बाहेर सोडणारी महागडी जाकिटं निघाली. पण वाफेला बाहेर जायला बाहेरची हवा थोडी तरी कोरडी लागते. जुलैतल्या चिपळुणात ती कुठून आणायची? हजारो रुपये मोजून माणूस आतून भिजतो, इतकंच.

घाटमाथ्यावर तर छत्रीची फजितीच. नाणेघाटात वारा एवढा की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. छत्री वरून धरायची की खालून, हेच कळत नाही. शेवाळलेल्या कातळावर बुटाची किंमत कुणी विचारत नाही, त्याचा तळ काय म्हणतो ते बघतात. म्हणून सह्याद्रीतले जुने भटके परदेशी बुटांकडे कौतुकाने पाहतात आणि स्वतः मात्र ‘अ‍ॅक्शन’चे स्वस्त बूट घालून पुढे निघून जातात.

तेव्हा यंदा दुकानात रेनकोट अंगात घाला आणि वाकून बघा. टोपी चढवून मान वळवा. खांद्यामागून येणारा ट्रक दिसायला हवा, टोपीचं अस्तर नव्हे. दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा, बाह्या कोपराशी येत असतील तर परत करा. आणि दुचाकी चालवत असाल तर तो झुलता पोंचो कितीही ऐटदार दिसला तरी घेऊ नका; त्याचं टोक चाकात जातं. दुकानदार हसेल. हसू द्या, तो दुकानात बसून असतो.