भिंतदुरुस्तीचा कागद

(सार्वजनिक वाचनालयाचा ओटा. सेवानिवृत्त शिरस्तेदार वर्तमानपत्राची घडी घालीत आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक चहात पाव बुडवीत आहेत.)

शिरस्तेदार : प्राध्यापकसाहेब, जो जीव मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा, जो पाव फुगवून देतो आणि भट्टीत शिरताच प्राणास मुकतो, त्या यीस्टच्या कुंपणाची मोजदाद करण्यात आपल्यासारख्या विद्वानाने उमेदीची वर्षे खर्ची घालावीत, हे आमच्या व्यवहारी बुद्धीस उमजत नाही, क्षमा असावी.

प्राध्यापक : त्या कुंपणावर तो जीव स्वतः आपल्या शुष्क वजनाचा पंधरा ते तीस टक्के भाग खर्ची घालतो, साहेब! पेशीच्या आत क्षार-शर्करांची दाटी अधिक असल्याने बाहेरचे पाणी अहोरात्र आत घुसू पाहते. ही भित्तिका नसती तर पेशी केव्हाच फुटली असती.

शिरस्तेदार : बांधकामास माल कोणता?

प्राध्यापक : आतून ग्लुकानचे बळकट तंतू, बाहेरून मॅनोप्रोटिनांचा थर, आणि खेकड्याच्या कवचात असते तेच कायटिन, पण ते एक-दोन टक्केच, आणि बहुतांशी जेथून मुकुल, म्हणजे नवी पेशी, सुटे होते त्या वणाभोवती.

शिरस्तेदार : म्हणजे पक्के काम. मक्तेदाराचे बिल चुकते केले की सरकार मोकळे.

प्राध्यापक : मोकळे कसचे! नवे मुकुल वाढावयाचे तर भित्तिका जागोजाग सैल करावी लागते आणि त्याच क्षणी नव्याने भरावीही लागते; सैलपणा अधिक झाला तर पेशी फुटते, भरणा अधिक झाला तर वाढ खुंटते.

शिरस्तेदार : आणि मक्तेदारासच कोणी अडविले तर?

प्राध्यापक : आमचे वैद्य नेमके तेच करतात. २००१ साली अमेरिकेत मंजूर झालेले कॅस्पोफंजिन हे औषध ग्लुकान विणणाऱ्या विकरास रोखते, आणि यीस्टचीच भावकी असलेली कॅन्डिडा ही रोगकारी बुरशी त्याने हतबल होते. मनुष्याच्या पेशींस भित्तिकाच नसल्यामुळे त्यांना त्या मनाईहुकमाची झळ सहसा लागत नाही.

शिरस्तेदार : बरे, भिंतीस तडा गेल्याची वर्दी कोण देतो?

प्राध्यापक : पेशीच्या पटलात डब्ल्यूएससी-१, मिड-२ अशी पहारेकरी प्रथिने असतात. उष्णता वाढली, भित्तिका ताणली, की ती रो-१ या प्रथिनाला कळवितात. रो-१ पीकेसी-१ ला जागे करतो. मग पीकेसी-१ हा बीसीके-१ वर, तो एमकेके या जोडीवर आणि ती जोडी एसएलटी-२ वर फॉस्फेटचा शिक्का उमटविते. शेवटी एसएलटी-२ केंद्रकात आरएलएम-१ ला हुकूम देतो आणि भित्तिकेची जनुके कामास लागतात.

शिरस्तेदार : (सद्गदित होऊन) एवढ्या मेजांवरून कागद फिरतो आणि त्या जीवास आपण एकपेशीय म्हणता? ही तर साक्षात जिल्हा कचेरी! कागद किती महिन्यांनी निकाली निघतो?

प्राध्यापक : हिशेब मिनिटांचा आहे.

शिरस्तेदार : अशक्य! मधला एखादा रजेवर गेला तर?

प्राध्यापक : प्रयोगशाळेत आम्ही एसएलटी-२ चे जनुकच काढून टाकतो. ती पेशी एरवी जगते, परंतु ३७ अंशांवर फुटते. भोवतालच्या द्रावणात सॉर्बिटॉल मिसळून बाहेरची दाटी वाढविली, तर मात्र तगते.

शिरस्तेदार : म्हणजे तगाई मंजूर झाली म्हणावयाची. आणि उलट, पाणी बाहेर पळू लागले तर?

प्राध्यापक : खारट द्रावणात तसेच घडते. त्यासाठी हॉग-१ चे निराळे खाते आहे. ते पेशीत ग्लिसेरॉल साठवून पाणी धरून ठेवते.

शिरस्तेदार : दोन खाती, तरी तंटा नाही! यात काहीतरी गफलत असणारच.

प्राध्यापक : गफलत नाही, तजवीज आहे. काही विकरांचे कामच मुळी एसएलटी-२ वरचा शिक्का पुसण्याचे असते.

शिरस्तेदार : (ताडकन उठून) सरकारी शिक्का पुसतात? आमच्या अमदानीत अशा इसमास तत्काळ बडतर्फ केले असते!

प्राध्यापक : आणि मग दुरुस्तीचा हुकूम कायम राहून पेशी भित्तिका लिंपण्यातच झिजत राहिली असती. संकट सरले की हुकूम रद्द, हाच तेथील नियम.

शिरस्तेदार : (पुन्हा बसत) साहेब, आमच्या हयातीत शेकडो तात्पुरते हुकूम निघाले, परंतु त्यांतला एकही मागे घेतलेला आम्ही पाहिला नाही. ज्या जीवास ते साधले, त्यास आपण सूक्ष्म म्हणता, ही दफ्तरातील ढळढळीत चूक आहे. ती आजच दुरुस्त करावी, आणि खाली आमची सही घ्यावी.