रॅम्पसाहेबांस खुले पत्र

प्रति,
मा. रॅम्पसाहेब,
मुख्य प्रशासकीय इमारत (कुंड्यांच्या मागे)

विषय : आपल्या दर्शनाचा योग येणेबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायच्या आधी तीन दिवसांत आपला जन्म झाला, तेव्हापासून मी आपली चाहती आहे. अंगावरचं सिमेंट ओलं असतानाच आपले फोटो निघाले, सातव्या निकषाच्या अहवालात चिकटले. समिती चहा पिऊन गेली. मग आपल्या पायथ्याशी साखळी आली आणि माथ्यावर चार कुंड्या. साखळीच्या कुलपाची किल्ली वॉचमनकाकांकडे, काका जेवायला. कुलूप कशाला, विचारलं तर म्हणाले, "मॅडम, पोरं गाड्या चढवतात ना!"

कुलूप निघालं तरी आपली भेट सोपी नाही. शेजारच्या चार पायऱ्या मिळून दोन फूट उंच. नियमाने फूटभर चढायला बारा फूट लांबी, म्हणजे आपण चोवीस फूट असायला हवे होतात. टेप लावून मोजलं, सात भरलात. व्हीलचेअर वर न्यायला दोन शिपाई आणि गणपतीबाप्पा लागतात. उतरताना एकटा बाप्पा पुरतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे नियम जून २०१७ मध्ये आले. तिथून पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती सुगम व्हायच्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारकच हवेत. हे सगळं मी आमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांच्या कानावर घालणार होते. ते दुसऱ्या मजल्यावर बसतात.

लिफ्ट 'तात्पुरती बंद' आहे. पाटीचा रंग उडालाय.

अभ्यासमंडळाची बैठकही दुसऱ्याच मजल्यावर. खाली घ्या म्हटलं, तर विभागप्रमुख कळवळले, "छे छे, तुम्हाला कशाला त्रास?" आणि माझं नावच काढलं. मग परीक्षा समितीतून, मग प्रवेश समितीतून. सगळं प्रेमापोटी हो. पुढे कॅस या पदोन्नती योजनेखाली अर्ज केला, तेव्हा छाननी करणाऱ्यांनी चष्मा वर सारून विचारलं, "मॅडम, प्रशासकीय कामात तुमचा सहभाग काहीच दिसत नाही?" माझ्यानंतर पाच वर्षांनी लागलेले सहकारी आता प्राध्यापक आहेत. भेटले की फार हळहळतात.

सत्कार मात्र दरवर्षी होतो, ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी. व्यासपीठाला पाच पायऱ्या, त्यामुळे शाल-श्रीफळ खाली उतरून येतं. यंदा माझ्या जिद्दीला सलाम झाला. ही जिद्द म्हणजे सकाळी चहासुद्धा न घेता घर सोडणं. कारण दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मुक्कामाला आहेत. लेखा विभागातल्या अंध सहकाऱ्याचाही सत्कार झाला. त्याचं निमंत्रण स्कॅन करून पाठवलं होतं, त्यामुळे त्याचा स्क्रीन रीडर त्यापुढे मूग गिळून बसला.

असो. समिती पुन्हा यायची आहे म्हणतात. त्या दिवशी कुंड्या हलतील, साखळी सुटेल. मलाही निरोप आलाय : 'सकाळी दहा वाजता फोटोसाठी खुर्चीसह उपस्थित राहावे.' तेव्हा भेटूच.

आपली नम्र,
(साखळीच्या अलीकडून)

प्रत : वॉचमनकाकांच्या कमरेची किल्ली, माहितीस्तव.