विरहाची गोळी आणि नक्षत्रांची उधारी

विरहाच्या अल्बमचे ढोबळमानाने दोन प्रकार: जमिनीवर बसून गळा काढणारे आणि थेट अंतराळात निघून जाणारे. दुसऱ्या प्रकारचा नामांकित नमुना म्हणजे इंग्लंडच्या 'स्पिरिच्युअलाइज्ड' या बँडचा जून 1997 मधला 'लेडीज अँड जेंटलमेन वुई आर फ्लोटिंग इन स्पेस'. त्याचे वेष्टन औषधाच्या खोक्यासारखे होते. फॉइल फोडून गोळी काढावी तशी सीडी काढायची, सोबत औषधाबरोबर असते तशी माहितीपत्रिका. एका मर्यादित आवृत्तीत तर बारा गाणी बारा छोट्या सीडींवर, प्रत्येक स्वतंत्र कप्प्यात. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हा प्रश्न विरहात उद्भवत नाही. जेवणच जात नाही.

रोगाचे कारण असे सांगतात. गायक जेसन पियर्स याची प्रेयसी केट रॅडली त्याच बँडमध्ये कीबोर्ड वाजवी. 1995 मध्ये तिने 'द व्हर्व' या दुसऱ्या बँडच्या रिचर्ड ॲशक्रॉफ्टशी गुपचूप लग्न केले. अल्बमवर कीबोर्ड मात्र तिचाच आहे. जिच्या नावाने रडायचे तिलाच साथीला बसवायचे, ही पाळी भावगीत गायकांवर सहसा येत नाही. बरीचशी गाणी ताटातुटीच्या आधीच लिहिली होती, असे पियर्सचे म्हणणे आहे. रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर डोळे पुसणारा 'वाळू गेली' म्हणतो, त्याच्यावर जेवढा विश्वास बसतो तेवढाच यावर बसतो.

दुःख मोठे असल्याने सामानही मोठे लागले: गॉस्पेल गायकवृंद, तंतुवाद्यांचा ताफा, आणि शेवटच्या सतरा मिनिटांच्या गाण्यात पियानोला न्यू ऑर्लिन्सचे डॉ. जॉन. सतरा मिनिटांचे समीक्षकांना फार कौतुक. रत्नागिरीकडच्या श्रोत्याला ते पटवणे कठीण आहे. इथे जाखडी नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष समोरासमोर आले की रात्र सरते. सतरा मिनिटांत तर गणपतीला वंदन नुकतेच आटोपत असते. शिवाय गाणारे-वाजवणारे मधोमध बसलेले आणि नाचणारे पायांत चाळ बांधून त्यांच्याभोवती फिरत आहेत, ही ग्रहमालेची रचना कोकणाने कुणाच्या अंतराळ कार्यक्रमाची वाट न पाहता सिद्ध केलेली आहे.

विरहासाठी अंतराळच का, याला शास्त्रीय आधार आहे. तिथे हवा नसल्याने आवाज जात नाही. कितीही टाहो फोडला तरी शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. दुसरे म्हणजे चंद्र. तो पृथ्वीपासून दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर लांब सरकतो आणि त्याला कारण भरती-ओहोटी. अमावास्या-पुनवेला मांडवीच्या जेटीवर लाटा उसळतात, ते उधाण मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते आणि तेच त्याला लांब ढकलण्यास हातभार लावते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ओढ जरा बेताची. एकतर्फी प्रेमात पडलेल्यांना हे पंचांग उपयोगी पडावे.

मराठीतले या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातच सापडते. चिंतामणी त्र्यंबक खानोलकर, म्हणजे कवी आरती प्रभू, यांचा जन्म 1930 चा, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई इथला. पियर्सने विरह औषधाच्या दुकानात मांडला, तर खानोलकरांनी तो खतावणीत चढवला. 1975 च्या त्यांच्या संग्रहाचे नावच 'नक्षत्रांचे देणे'. कुडाळला खानावळ चालवलेल्या माणसाला उधारी वेगळी शिकावी लागत नाही. कालवण ओरपून, हात धुऊन, दाराशी चपला घालता घालता 'मांडून ठेवा' म्हणणारे गिऱ्हाईक कोणत्याही खानावळीला नवे नाही. पण साधा विरही समोरच्याकडून किती येणे आहे ते मोजत बसतो. इथे बाकी कवीच्या स्वतःच्या नावावर निघते. त्यातून चलन नक्षत्रांचे, म्हणजे सुट्ट्याचीही पंचाईत. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि आशा भोसले यांचा गळा एवढ्यावर नक्षत्रांच्या देण्याचे गाणे उभे राहिले. माहितीपत्रिका लागली नाही.

खानोलकर 1976 मध्ये गेले आणि त्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार 1978 मध्ये मिळाला. देणी अशी उशिराच येतात.

पुढे 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. वेंगुर्ले आणि कुडाळ तिकडे गेले, त्यांच्यासोबत कवीही गेला. ही फारकत सरकारी आदेशाने झाल्यामुळे तिच्यावर कुणी अल्बम काढला नाही. कवीचा ताबा कुणाकडे, यावरून भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. हापूसवरून मात्र देवगड आणि रत्नागिरी हमरीतुमरीवर येतात. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून.